फोटो काढले, पण तीन वर्षांनी सापडतील का? फोटोग्राफीच्या कामाची घडी अशी बसवा



मागच्या वर्षी एका कार्यशाळेनंतर तालुक्याच्या गावचा एक फोटोग्राफर माझ्याजवळ थांबला. बाकीचे चहाला गेले होते. म्हणाला, "सर, धंदा बरा चाललाय, पण एक गोष्ट मनातून जात नाही."

तीन वर्षांपूर्वी त्याने एका लग्नाची ऑर्डर केली होती. अल्बम दिला, पैसे मिळाले, विषय संपला. मग एक दिवस नवरीचा भाऊ दुकानात आला. वडील गेले होते. म्हणाला, "पाठवणीच्या वेळी बाबा ताईच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, तो फोटो तुम्ही काढला होता. अल्बममध्ये नाहीये, पण त्या दिवशी कॅमेऱ्यात मी स्वतः बघितला होता. तेवढा द्या."

फोटोग्राफरने तीन हार्ड डिस्क काढल्या. एकीत "न्यू फोल्डर", "लग्न फायनल", "लग्न फायनल नवीन" अशी नावं. दुसरीत कुणाचंतरी बारसं आणि लग्न एकत्र. तिसरी लावली तर नुसता टक-टक आवाज, उघडेचना. दोन रात्री शोधलं. फोटो सापडला नाही. भाऊ फक्त "असू दे" म्हणाला आणि निघून गेला. "सर, त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं." पुढच्या लगीनसराईत त्याच घरातलं दुसरं लग्न झालं. ऑर्डर दुसऱ्याकडे गेली.

या माणसाचा कॅमेरा चांगला होता, हातही चांगला होता. पण शटर दाबल्यानंतर फोटोचं काय होतं, त्याची काही पद्धतच नव्हती. आज आपण तीच पद्धत बघणार आहोत. उदाहरण लग्नाचं घेतोय, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. पण प्रॉडक्ट फोटो, शाळेचं स्नेहसंमेलन, बारसं, काहीही असो, पद्धत हीच.

आधी हिशोब: एका लग्नाचा डेटा किती?

२४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. हळद आणि लग्न मिळून ३,००० फोटो धरा. ३० एमबी गुणिले ३,००० म्हणजे ९० जीबी. एडिट केलेले फोटो आणि अल्बमची डिझाइन धरून १०० जीबी म्हणूया. वर्षाला २० लग्नं केली तर झाले २,००० जीबी, म्हणजे २ टीबी. आणि ही झाली फक्त एक प्रत.

आता पैशात बघा. समजा २ टीबीची डिस्क तुम्हाला ७,२०० रुपयांना मिळाली. डिस्क कधी गच्च भरायची नसते, म्हणून तीत १८ लग्नं धरा. एका लग्नामागे ४०० रुपये. दोन डिस्कवर दोन प्रती ठेवल्या तर ८०० रुपये. तुमचं पॅकेज ५०,००० चं असेल, तर हा खर्च शंभर रुपयांत १ रुपया ६० पैसे. तुमच्या बाजारातला भाव घालून हा हिशोब स्वतः करा आणि कोटेशन बनवताना ही रक्कम आधीच धरा. "डिस्क घ्यायला पैसे नाहीत" असं म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा हा खर्च कोटेशनमध्ये धरलेलाच नसतो.

आदल्या दिवशीची तयारी

पहिलं काम, कॅमेऱ्यांची घड्याळं. तुमचा एक कॅमेरा आणि मदतनीसाचा दुसरा, दोघांची वेळ सेकंदापर्यंत जुळवा. प्रत्येक फोटोच्या आत तारीख आणि वेळ लिहिली जाते. दोन घड्याळांत दहा मिनिटांचा फरक असेल तर कॉम्प्युटरवर अंतरपाट दूर झाल्याचा फोटो आधी येतो आणि मंगलाष्टका नंतर! एक साधी युक्ती सांगतो. कार्यक्रम सुरू होण्याआधी मोबाइलवर सेकंदकाट्यासह घड्याळ लावा आणि सगळ्या कॅमेऱ्यांनी त्याचा एकेक फोटो काढा. वेळ चुकली असली तरी किती चुकली ते कळतं आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फोटोंची वेळ एकदम दुरुस्त करता येते.

दुसरं, कार्डांवर नंबर टाका: ०१, ०२, ०३. छोट्या डबीत भरलेली कार्डं एका बाजूला, रिकामी दुसऱ्या बाजूला. एसडी कार्डाच्या कडेला छोटा लॉक असतो. कार्ड भरलं की कॅमेऱ्यातून काढल्या काढल्या तो लॉक खाली करा. मग गडबडीत कुणी ते पुन्हा कॅमेऱ्यात घातलं तरी त्यावर फोटो पडणार नाहीत.

तिसरं, कॅमेऱ्याला दोन कार्डांची सोय असेल तर दुसरं कार्ड बॅकअपवर ठेवा. प्रत्येक फोटो दोन्हीकडे पडतो. अनेक जण "पहिलं भरलं की दुसरं" अशी सेटिंग ठेवतात. त्यात जागा वाढते, पण संरक्षण शून्य. मुहूर्त पुन्हा लागत नाही, लक्षात ठेवा.

त्याच रात्रीचा नियम

लग्न उरकून घरी आलात. पाय दुखतायत, झोप येतेय. तरी झोपण्याआधी कार्ड उतरवायचं. क्रम असा:

१. कार्डवरून फाइली "कॉपी" करा. "कट-पेस्ट" कधीही नाही. मधेच लाइट गेली किंवा केबल हलली तर कटमध्ये दोन्हीकडचं जायची भीती असते.

२. एक प्रत कॉम्प्युटरवर, लगेच दुसरी बाहेरच्या डिस्कवर. दुसरी प्रतही थेट कार्डवरूनच करा. पहिल्या प्रतीत काही बिघाड झाला असेल तर तो पुढे जात नाही.

३. मोजा. कार्डवर किती फाइली, किती जीबी, कॉम्प्युटरवर किती, डिस्कवर किती. तिन्ही आकडे सारखे हवेत. टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर वापरलंत तर कॉपी झालेली फाइल मूळ फाइलशी ते स्वतः पडताळून बघतं.

४. सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिळून दहा-बारा फोटो मोठे करून उघडून बघा.

५. कार्ड तसंच ठेवा. पुढच्या ऑर्डरला ते लागत नसेल तर फोटो निवडून होईपर्यंत फॉरमॅट करू नका. लागतच असेल तर आधी तिसरी प्रत तयार करा, मगच फॉरमॅट.

पावसाळ्यात किंवा लाइटचा भरवसा नसलेल्या गावात कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. निदान लॅपटॉपची बॅटरी तरी ठणठणीत असू द्या.

फोल्डरचं नाव म्हणजे दुकानाची पाटी

किराणा दुकानदाराला विचारा, साबुदाणा कुठे आहे? तो न बघता हात घालतो, कारण जागा ठरलेली असते. आपल्या फोल्डरचंही तसंच हवं. नाव तारखेने सुरू करा, आणि तेही वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने:

२०२५-१२-०७_लग्न_जाधव-मोरे_सांगली

असं का? कारण कॉम्प्युटर नावं डावीकडून लावतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या ७ तारखा एका ठिकाणी गोळा होतात. वर्ष आधी लिहिलं की सगळी कामं आपोआप तारखेनुसार लागतात. इथे मी देवनागरीत लिहितोय, पण प्रत्यक्षात नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. लॅबकडच्या काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावांचे चौकोन होतात.

या फोल्डरच्या आत दर वेळी तेच सहा कप्पे: ०१ रॉ, ०२ निवड, ०३ एडिट, ०४ अल्बम, ०५ डिलिव्हरी, ०६ कागदपत्रं. रॉच्या आत कॅमेरा आणि कार्डाप्रमाणे वेगळे फोल्डर. असा एक रिकामा साचा तयार करून ठेवा आणि प्रत्येक नव्या ऑर्डरला तोच कॉपी करा.

आता फाइलचं नाव. कॅमेरा फोटोला चार आकडी नंबर देतो, आणि ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून सुरू. म्हणजे तीन-चार लग्नांत नंबर फिरून परत येतात. दोन वेगळ्या लग्नांतल्या फोटोंची नावं सारखी होतात आणि एकावर दुसरा जाऊन बसतो. म्हणून फोटो कॉम्प्युटरवर सुरक्षित उतरले की सॉफ्टवेअरने सगळ्यांची नावं एकदम बदला: तारीख, आडनाव आणि चार आकडी क्रमांक. ही बदललेली नावंच बॅकअपमध्येही न्या, म्हणजे सगळीकडे एकच नंबर चालेल.

निवड करताना हात सैल, डोळा कडक

३,००० फोटो, प्रत्येकाला ३ सेकंद, म्हणजे अडीच तास. एका बैठकीचं काम आहे. पण आपण काय करतो? पहिलाच चांगला फोटो दिसला की एडिट करायला बसतो आणि अडीच तासांचे चार दिवस होतात.

पहिल्या फेरीत फक्त हो किंवा नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये पी दाबलं की निवडला, एक्स दाबलं की नाकारला. पैसे भरायचे नसतील तर डिजिकॅम आणि डार्कटेबल ही मोफत सॉफ्टवेअर आहेत, त्यातही खुणा करता येतात. दुसऱ्या फेरीत निवडलेल्यांनाच तारे द्या: अल्बमला नक्की जाणारे, पर्यायी, आणि फक्त डिलिव्हरीत द्यायचे.

आता एक गोष्ट नीट ऐका. डोळे मिटलेले किंवा हललेले फोटो आपण सरळ नाकारतो. पण घरातल्या मोठ्या माणसांच्या बाबतीत थांबा. आजीचा फोटो जरा हललाय, पण ती नातीकडे बघून हसतेय? ठेवा. आपल्याला त्यात फोकस दिसतो, घरच्यांना त्यात आजी दिसते. अशा फोटोंना एक वेगळा रंग किंवा "ज्येष्ठ" असा कीवर्ड द्या. लग्नामागे पंधरा मिनिटं जास्त लागतात. सुरुवातीला सांगितलेल्या फोटोग्राफरने हे केलं असतं तर दोन रात्रींऐवजी दहा मिनिटांत फोटो हातात आला असता.

एडिटिंग: फोटो एकीकडे, त्याचा हिशोब दुसरीकडे

लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्या नव्या मुलांचा इथे नेहमी गोंधळ होतो. त्याच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतात. फोटो कुठे ठेवलाय आणि त्यावर काय काय बदल केलेत, याची ती वही आहे. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, कॅटलॉगचा बॅकअप घेतला म्हणजे फोटोंचा बॅकअप झाला, असं नाही. दोन्ही वेगवेगळे घ्यावे लागतात. दुसरं, फोल्डर बाहेरून उचलून दुसरीकडे ठेवला की सॉफ्टवेअरला फोटो सापडत नाही आणि प्रश्नचिन्ह दिसतं. जागा बदलायची तर लाइटरूमच्या आतूनच बदला.

रॉ फाइलचा फायदाही इथेच. तुम्ही कितीही बदल करा, मूळ फाइल तशीच राहते. हळदीत पिवळा रंग जास्त झाला तरी मागे जाता येतं.

अल्बमसाठी आकार लक्षात ठेवा. १२ बाय ३६ इंचांचं उघडं पान ३०० डीपीआयने म्हणजे ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल. लॅबला कुठली फाइल आणि कुठली कलर प्रोफाइल हवी ते पहिल्याच ऑर्डरला विचारून भिंतीवर लिहून ठेवा. चुकीच्या प्रोफाइलने शालू लाल दिला आणि विटकरी छापून आला, तर पुन्हा छपाईचा खर्च तुमच्या खिशातून जातो.

पार्टीची निवड अडकली की पैसे अडकले

आपल्या धंद्यातला खरा अडथळा हाच. पार्टी फोटो निवडत नाही, अल्बम छापला जात नाही, शेवटचा हप्ता येत नाही. समजा दहा अल्बम पडून आहेत आणि प्रत्येकी १५,००० बाकी आहेत. दीड लाख रुपये तुमचे, पण तुमच्या हातात नाहीत.

यावर तीन उपाय. पहिला, तीन हजार फोटो दाखवू नका. तुम्ही निवडलेले पाचशे-सहाशेच द्या, लहान आकारात आणि वॉटरमार्क लावून. दुसरा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तसं पाठवलं की फोटो दबतो आणि फाइलचं नावही बदलतं. मग पार्टी म्हणते "तो मामांबरोबरचा" आणि तुम्ही मामा शोधत बसता! डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. नाव तसंच राहतं आणि पार्टी फक्त नंबर कळवते. तिसरा, ऑर्डर घेतानाच लिहून घ्या: फोटो दाखवल्यापासून अमुक दिवसांत निवड आली नाही तर आमच्या पसंतीने अल्बम डिझाइन होईल. आणि शेवटचा मोठा हप्ता अल्बम हातात देताना न ठेवता छपाईला जाण्याआधी ठेवा.

तीन-दोन-एक

पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरने डिजिटल फोटो सांभाळण्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्याचा एक नियम जगभर वापरला जातो. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी.

आपल्या भाषेत: काम चालू असताना एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी स्टुडिओतल्या डिस्कवर, तिसरी घरी किंवा जवळच्या नातेवाइकाकडे ठेवलेल्या डिस्कवर. दुकानात पाणी शिरलं, चोरी झाली, शॉर्टसर्किट झालं, तरी एक प्रत शाबूत. काम संपल्यावर कॉम्प्युटरवरची प्रत काढली तरी दोन डिस्क राहतात. त्याला तिसरी जोड क्लाउडची द्या.

"सर, ९० जीबी अपलोड कधी व्हायचं?" बरोबर प्रश्न आहे. अपलोडचा वेग ४० एमबीपीएस असेल तर सेकंदाला ५ एमबी जातात. ९० जीबीला पाच तास. पण सगळं रॉ चढवायची गरज नाही. एडिट झालेले ६०० फोटो, प्रत्येकी १० एमबी, म्हणजे ६ जीबी. वीस मिनिटांत जातात. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबीच मिळतात, त्यात दोन लग्नं बसतील. पुढची जागा विकतची, तीही कोटेशनमध्ये धरा.

एक इशारा. कॉम्प्युटरवरचा फोल्डर क्लाउडशी सिंक केलेला असेल तर तो बॅकअप समजू नका. इथे डिलीट केलं की तिथूनही जातं. आणि कोकणात किंवा दमट हवेत राहणाऱ्यांनो, लेन्सला बुरशी लागते तशी डिस्कलाही ओल बाधते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि वर चिठ्ठी: डिस्क नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक डिस्क लावून चार फोल्डर उघडून बघा. टक-टक आवाज पार्टीसमोर ऐकण्यापेक्षा आधी एकट्याने ऐकलेला बरा.

चुकून डिलीट झालं तर?

घाबरू नका, आणि त्या कार्डवर एकही नवा फोटो काढू नका. डिलीट केलं की सहसा फक्त यादीतलं नाव जातं, फोटोचा डेटा त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत कार्डावर असतो. कार्ड काढा, लॉक करा, कॉम्प्युटरला लावा आणि फोटोरेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने परत मिळवायचा प्रयत्न करा. वाचलेल्या फाइली त्याच कार्डवर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर उतरवा. एसएसडीच्या बाबतीत मात्र ही आशा कमी असते.

कागदावर दोन ओळी

पहिली ओळ: डेटा किती दिवस सांभाळणार? "कायम" असं तोंडी बोलू नका. दोन वर्षं म्हणा, पाच म्हणा, पण लिहा. मुदत संपायच्या आधी पार्टीला मेसेज करा: "तुमचे सगळे फोटो हवे असतील तर डिस्क आणून द्या, भरून देतो." यासाठी वाजवी पैसेही घेता येतात, आणि ओळख पुन्हा ताजी होते. पुढचं बारसं तुमच्याकडेच येतं.

दुसरी ओळ: फोटो तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम १७ नुसार, कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो ग्राहक असतो. "फोटो मी काढला, म्हणजे माझा" हे लग्नाच्या ऑर्डरमध्ये आपोआप खरं होत नाही. म्हणून लेखी संमती घ्या.

आजचं काम

सगळं एका दिवसात करू नका. आज फक्त तीन गोष्टी करा. सहा कप्प्यांचा रिकामा साचा बनवा. एका वहीत रकाने आखा: तारीख, पार्टी, डिस्क नंबर १, डिस्क नंबर २, निवड आली का, बाकी रक्कम. आणि तुमच्या सगळ्यात जुन्या लग्नाचा एक फोटो शोधा: नवरीचे आजोबा किंवा आजी. घड्याळ लावून बघा, किती वेळ लागतो.

तो फोटोग्राफर आता हेच करतो. परवा त्याचा मेसेज आला. एका जुन्या पार्टीने आजीचा फोटो मागितला होता. त्याने लिहिलं होतं, "सर, चहा येईपर्यंत सापडला." पण त्या भावाचा फोटो अजून सापडलेला नाही. टक-टक करणारी ती डिस्क त्याने फेकलेली नाही. पैसे साठले की दुरुस्तीला देणार आहे.

तुम्हाला किती मिनिटं लागली ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या आठवड्यात!